टाकळा कसा ओळखावा आणि तो कोठे उगवतो : नवख्यांसाठी मार्गदर्शन

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की गावाबाहेरच्या पडीक जागेवर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत आणि शहरातल्या रिकाम्या भूखंडांवर जे पहिले दाट हिरवे आच्छादन दिसते, त्यात टाकळ्याचा वाटा फार मोठा असतो. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात तरोटा किंवा तरवटा, तर गोव्यात तायकिळो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो चक्रमर्द या नावाने येतो. वनस्पतिशास्त्रातील त्याचे आजचे नाव सेन्ना टोरा असून जुन्या पुस्तकांत तो कॅसिया टोरा या नावाने सापडतो. नाव शोधताना ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवावीत, नाहीतर एकच वनस्पती दोन वेगळ्या वनस्पती आहेत असे वाटण्याचा संभव असतो. तरवड मात्र वेगळा. त्याचे नाव तरवट्याच्या जवळचे आणि कूळही एकच असले, तरी तो अनेक वर्षे टिकणारे, लाकडी खोडाचे आणि मोठ्या पिवळ्या फुलांचे झुडूप आहे.

रानातील वनस्पती ओळखायला शिकू इच्छिणाऱ्याने आरंभ टाकळ्यापासून करावा असे मला मनापासून वाटते. एक तर तो सर्वत्र आणि भरपूर उपलब्ध असतो. दुसरे म्हणजे त्याची खूण पानावरच असल्यामुळे फुले येईपर्यंत थांबावे लागत नाही. तिसरे कारण अधिक गंभीर आहे. टाकळ्याची कोवळी पाने भाजी म्हणून खाल्ली जातात आणि त्याच्यासारखी दिसणारी एक वनस्पती विषारी आहे, त्यामुळे येथे अचूक ओळख ही निव्वळ हौसेची बाब राहत नाही.

तयारी आणि वेळ

साधने थोडीच लागतात : दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, एक मोजपट्टी आणि नोंदीसाठी वही. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून अगदी जवळून छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहिले तरी काम भागते. पहिली फेरी जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, दुसरी फुलांच्या दिवसांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि तिसरी शेंगा पिकताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मारावी. एकाच जागेवर या तिन्ही वेळा जाणे महत्त्वाचे आहे, कारण रोपटे, फुललेले झाड आणि वाळलेला सांगाडा या तीन अवस्था जोडून पाहिल्याखेरीज कोणतीही वर्षायू वनस्पती पुरती ओळखीची होत नाही.

पहिली पायरी : रोपटे

टाकळ्याचे बी रुजते तेव्हा त्याची दोन बीजपत्रे, म्हणजे बियातूनच निघालेली पहिली दोन पाने, जमिनीच्या वर येतात. ती गोलसर, किंचित जाडसर असतात आणि त्यांच्यावर देठापासून निघालेल्या काही शिरा स्पष्ट दिसतात. त्यांच्या मधून जे पहिले खरे पान येते तेच संयुक्त असते, म्हणजे एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या (पानाच्या सुट्या छोट्या भागांच्या) जोड्या. या वयात नवख्या माणसाला ते भुईमुगाचे रोप वाटते आणि तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. फरक मोजून काढावा. भुईमुगाच्या पानाला 4 पर्णिका, म्हणजे 2 जोड्या असतात, तर टाकळ्याच्या पूर्ण वाढलेल्या पानाला 6 पर्णिका, म्हणजे 3 जोड्या असतात. अगदी सुरुवातीच्या एखाद्या पानावर निर्णय न देता वरची तीन-चार पाने नीट उलगडेपर्यंत थांबावे.

दुसरी पायरी : पान

आता गुडघ्याएवढे वाढलेले झाड निवडावे. टाकळा साधारणपणे 30 ते 90 सेंटिमीटर उंच होतो. जमीन चांगली असेल तर तो कमरेपर्यंतही जातो आणि खूप फांद्या फोडतो, दगडाळ मुरमात मात्र वीतभर उंचीवरच फुलू लागतो. म्हणून उंचीवरून ओळख पटवू नये. पाने खोडावर एकाआड एक येतात. प्रत्येक पानावर पर्णिकांच्या 3 जोड्या असतात आणि त्यांतली टोकाकडची जोडी बहुधा सर्वांत मोठी असते. पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद व गोलसर असते, तिची लांबी सामान्यतः 2 ते 5 सेंटिमीटर भरते. बुडाशी ती थोडी तिरकी असते, म्हणजे मध्यशिरेच्या दोन्ही बाजू तेथे सारख्या नसतात. पान चुरगळून वास घेतल्यास एक उग्र, काहीसा नकोसा दर्प येतो. गुरे हे झाड तोंडात घेत नाहीत त्यामागे हा दर्प आणि पानांची चव ही कारणे आहेत.

तिसरी पायरी : दांड्यावरील ग्रंथी

ही पायरी कधीही गाळू नये. पान उताणे धरून दांड्याच्या वरच्या बाजूने पाहत जावे. पर्णिकांची पहिली, म्हणजे खोडाच्या सर्वांत जवळची जोडी जेथे जोडलेली असते, तेथे दोन पर्णिकांच्या मधोमध एक बारीक, उभी, नारिंगी किंवा तपकिरी रंगाची खुंटी दिसते. ही पानावरील ग्रंथी होय. टाकळ्यात अशी ग्रंथी खालच्या दोन्ही जोड्यांच्या मध्ये असते आणि सर्वांत वरच्या जोडीपाशी नसते. ती लांबीला दोन मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे सवय होईपर्यंत नजरेतून निसटते. जुन्या पानावर ती वाळून गळूनही गेलेली असते, म्हणून शेंड्याकडची दोन-तीन ताजी पाने तपासावीत.

सेन्ना या प्रजातीतील वनस्पती वेगळ्या काढण्यासाठी या ग्रंथींची संख्या आणि जागा यांचा मोठा उपयोग होतो. पानाची लांबी-रुंदी जमीन, पाणी आणि ऊन यांप्रमाणे बदलते, पण ग्रंथी कोठे असावी हे त्या मानाने पक्के असते. टाकळ्याची अगदी जवळची बहीण म्हणावी अशी सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया ही वनस्पतीही भारतात आढळते आणि दोघींची पाने इतकी सारखी असतात की पूर्वी अनेक अभ्यासक त्यांना एकच मानत. तिच्यात ग्रंथी बहुधा केवळ सर्वांत खालच्या जोडीपाशी असते आणि फुलांचे व शेंगांचे देठ टाकळ्यापेक्षा ठळकपणे लांब असतात. एकाच झाडाची निदान पाचसहा पाने पाहिल्याशिवाय या दोघींमध्ये निवाडा करू नये.

चौथी पायरी : सारख्या दिसणाऱ्या वनस्पती बाजूला काढणे

सर्वांत जास्त काळजी कासविंद्याबाबत घ्यावी लागते. त्याचे शास्त्रीय नाव सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस असून काही भागांत त्याला रानटाकळा असेही म्हणतात, आणि नेमक्या याच नावामुळे गोंधळ वाढतो. कासविंदाही पावसाळ्यात, तशाच पडीक जागी, कित्येकदा टाकळ्याच्या शेजारीच उगवतो. त्याच्या पानावर पर्णिकांच्या जोड्या बहुधा 4 किंवा 5 असतात, पर्णिका टोकाला गोल नसून अणकुचीदार असतात, आणि ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये नसून पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, गाठीच्या रूपात असते. त्याच्या शेंगा चपट्या, थोड्या रुंद आणि वरच्या दिशेने रोखलेल्या असतात व त्यांच्या कडा फिकट रंगाच्या दिसतात. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाण्याशी असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर त्या विषाचा परिणाम होतो. ज्या घरांत लहान मुले आहेत, त्यांनी अंगणालगतचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच उपटून टाकावा आणि मुलांनाही तो दाखवून ठेवावा.

दुसरी वनस्पती सेन्ना युनिफ्लोरा. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून आज देशावरील रस्त्यांच्या कडेला दूरवर पसरलेली दिसते. तिचे कोवळे खोड आणि पाने यांवर दाट, सोनेरी-तपकिरी लव असते, पर्णिकांच्या जोड्या 3 ते 5 असतात, आणि शेंगा आखूड, लवदार व बियांच्या मध्ये दबलेल्या असून त्या खोडालगत झुपक्याने उभ्या राहतात. टाकळा हाताला जवळजवळ गुळगुळीत लागतो, त्यामुळे केवळ स्पर्शानेही बराच उलगडा होतो.

बाकीच्या वनस्पती चटकन वगळता येतात. खुळखुळ्याच्या काही जातींत तीन पर्णिका असतात, काहींत पान साधेच असते, तर शेवरीच्या पानावर कितीतरी जोड्या असतात. तीन जोड्यांचा आणि मधल्या खुंट्यांचा नियम लावला की येथे शंका उरत नाही.

पाचवी पायरी : फूल, शेंग आणि बी

फुले पानांच्या बेचक्यात, बहुधा जोडीने येतात. ती पिवळी, पाच पाकळ्यांची आणि सुमारे दीड सेंटिमीटर व्यासाची असून पाकळ्या एकसारख्या नसतात. देठ आखूड असतो. शेंग मात्र झाडाच्या मानाने बरीच लांब, 10 ते 15 सेंटिमीटर, अगदी बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते. कोवळेपणी ती हिरवी आणि पिकल्यावर तपकिरी होते. शेंग उकलून पाहावी. आत 20 ते 30 बिया एका ओळीत बसवलेल्या दिसतात. बी तपकिरी, चकचकीत, 4-5 मिलिमीटर लांबीचे आणि तिरकस चौकोनी आकाराचे असते. हे बी एकदा हातात घेतले म्हणजे पुन्हा विसरणे कठीण. डिसेंबर-जानेवारीत पाने झडून गेलेल्या काटक्यांखाली हे बी सापडले, तर तेथे येत्या पावसात काय उगवणार हे खात्रीने सांगता येते.

सहावी पायरी : मूळ आणि सायंकाळ

दोन पडताळे आणखी करावेत. एक झाड ओल्या जमिनीतून हळुवारपणे, मातीसह उपटावे आणि मुळे पाण्यात धुवावीत. टाकळा शेंगावर्गीय कुळातला असला तरी त्याच्या मुळांवर भुईमूग, मूग किंवा ताग यांच्या मुळांवर असतात तशा जिवाणूंच्या गाठी नसतात. त्यामुळे तो हवेतील नत्र जमिनीत साठवतो हा समज बरोबर नाही. त्याचा पाला कुजवून खत करता येते ही गोष्ट वेगळी.

दुसरा पडताळा दिवस मावळताना करावा. अंधार पडू लागला की पर्णिका जोडीजोडीने मिटून एकमेकींना चिकटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. मिटलेल्या टाकळ्याचे छायाचित्र पाहून तो ओळखता येत नाही, म्हणून निरीक्षण नेहमी दिवसाउजेडी आणि पान पूर्ण उघडे असताना करावे.

तो कोठे उगवतो आणि तेथेच का

टाकळ्याला सर्वाधिक गरज आहे ती उघड्या उन्हाची. घनदाट राईत, आमराईच्या गडद सावलीत किंवा उंच गवत दाटलेल्या राखीव कुरणात तो क्वचितच दिसतो. त्याच कुरणातून बैलगाडीची वाट पडली, तर वाटेच्या दोन्ही कडांना मात्र तो पुढच्या पावसातच हजर होतो. याचे उत्तर त्याच्या बियाण्यात आहे. बियाचे कवच इतके कठीण असते की पाणी आत सहज शिरत नाही. उन्हाळ्यातील तापलेली जमीन, रात्री-दिवसाच्या तापमानातील चढउतार, मातीशी व दगडाशी होणारे घर्षण यांमुळे त्या कवचाला बारीक भेगा पडतात, आणि मगच पावसाचे पाणी आत जाऊन बी रुजते. सगळ्या बियांना एकाच वर्षी भेगा पडत नाहीत. त्यामुळे एकदा शेंगा झडलेल्या जागेवर पुढे काही वर्षे, नवे बी न पडताही, टाकळा उगवत राहतो. सावलीत जमीन तेवढी तापत नाही, आणि चुकून रुजलेले रोपही उन्हाअभावी उंच, किडकिडीत होऊन मागे पडते.

मातीच्या बाबतीत तो फारसा चोखंदळ नाही. कोकणातील तांबडी जांभ्याची माती, देशावरील मुरमाड माळ, विदर्भातील काळी कसदार जमीन या सर्वांत तो वाढतो. कोकणात वर्षाला 2500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सोलापूरकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नसतो, तरी दोन्हीकडे टाकळा आहे, कारण आपले आयुष्य तो पावसाळ्यात आणि त्यालगतच्या दिवसांत आटोपतो आणि कोरड्या काळात केवळ बीरूपाने टिकून राहतो. त्याला न चालणारी गोष्ट म्हणजे मुळांपाशी दिवसेंदिवस साचलेले पाणी. म्हणून भातखाचराच्या आत तो दिसत नाही, पण त्याच खाचराच्या बांधावर रांगेने उभा असतो. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतही त्याला शोधत बसू नये.

माणसाने आणि जनावरांनी तुडवलेली, चरून उघडी पडलेली जमीन हे त्याचे खरे क्षेत्र. गुरे व शेळ्या गवत ओरबाडून खातात, टाकळ्याला तोंड लावत नाहीत, आणि अशा रीतीने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या वनस्पती आपोआप कमी होतात. एखाद्या गायरानात गवतापेक्षा टाकळाच जास्त दिसू लागला, तर तेथे चराई प्रमाणाबाहेर होत आहे असे खुशाल समजावे. ही खूण ग्रामपंचायतींनी आणि पशुपालकांनी अवश्य पाहावी, कारण ती पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज लागत नाही. बी वाहत्या पाण्याबरोबर, खुरांना आणि चाकांना चिकटलेल्या चिखलातून, तसेच भरावासाठी आणलेल्या मातीतून दूर जाते. शहरातील बांधकामांच्या आसपास टाकळा इतका का असतो, याचे मुख्य कारण ही आणलेली मातीच असते.

नोंद करताना प्रत्येक ठिकाणी ऊन किती तास असते, जमीन कोणत्या प्रकारची आहे, पाणी साचते की वाहून जाते, चराई होते का, आणि शेजारी कोणत्या वनस्पती आहेत एवढे लिहावे. पाने कुरतडलेली आढळली तर खालची बाजूही पाहावी. ग्रास यलो आणि एमिग्रंट या गटांतील फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या टाकळ्यावर वाढतात आणि पानाच्या रंगात मिसळून गेलेल्या असतात.

भाजीसाठी खुडताना

जून-जुलैत, फुले येण्यापूर्वीचे कोवळे शेंडे तेवढे भाजीला घ्यावेत. कोकणात आणि आदिवासी पट्ट्यात ही पावसाळ्यातील नित्याची भाजी आहे, आणि पालघर-रायगडकडच्या बाजारांत तिच्या जुड्या विकायला येतात. पाला धुऊन, बारीक चिरून, कांदा-लसूण व ओल्या खोबऱ्याबरोबर ती परतली जाते. गोव्यात तायकिळ्याच्या भाजीत फणसाच्या आठळ्या घालतात. निबर पाने कडवट लागतात. आयुर्वेदात चक्रमर्दाचा उल्लेख त्वचारोगांच्या, विशेषतः गजकर्णाच्या संदर्भात येतो आणि झाडात रेचक गुणाची द्रव्ये असतात. म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच भाजी खावी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय खाऊ नये. वर्दळीच्या रस्त्याकडेचा, सांडपाण्याजवळचा किंवा तणनाशक मारलेल्या शेतालगतचा पाला कितीही टवटवीत दिसला तरी सोडून द्यावा. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याची तिसऱ्या पायरीतील खूण तपासावी. मूठभर भाजीसाठी हे वेळखाऊ वाटेल, पण कासविंदा शेजारीच उगवत असल्यामुळे येथे घाई करून चालत नाही.

शेतात ठेवावा की काढावा

सोयाबीन, मूग, उडीद यांच्या शेतात टाकळा हे तणच आहे आणि पहिल्या दीड महिन्यात तो पिकाची जागा, ऊन आणि ओल घेतो. रोपे लहान असताना, जमिनीत ओल असेल तेव्हा खुरपणी किंवा कोळपणी करून तो सहज निघतो. मोठा झाल्यावर त्याचे सोटमूळ खोल जाते आणि वरून तोडल्यास बुडाशी पुन्हा फांद्या फुटतात. काहीही झाले तरी शेंगा पिकण्यापूर्वी झाडे काढावीत. शेंगा न धरलेली झाडे खताच्या खड्ड्यात घालावीत, पण पिकलेल्या शेंगांसह घातल्यास तेच बी खतातून शेतभर जाते.

पडीक जागेचा विचार मात्र वेगळा करावा. गाजरगवताने व्यापलेल्या जागेवर टाकळा दाट वाढला, तर तो सावली धरून गाजरगवताची रोपे दडपतो, आणि तणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थाही या उपायाची शिफारस करतात. गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि श्वासाचे विकार बळावतात हे लक्षात घेता टाकळ्याचा शेजार कितीतरी पटींनी बरा. त्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिकलेल्या शेंगा गोळा करून बी कोरड्या जागी ठेवावे आणि एप्रिल-मे महिन्यात, वळीव पडण्यापूर्वी, त्या जागेवर दाट फोकून द्यावे, म्हणजे उन्हाने कवच सैल होऊन पहिल्या पावसाबरोबरच रोपे वर येतात. पहिल्या वर्षी गाजरगवताची काही झाडे मध्ये उरतातच. ती फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावीत. जागा शेताच्या वरच्या अंगाला असेल तर हा प्रयोग करू नये, कारण पावसाच्या पाण्याबरोबर टाकळ्याचे बी खालच्या पिकात उतरते.

विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगडात हेच बी गोळा करून व्यापाऱ्यांना विकलेही जाते. त्यापासून कॅसिया गम नावाचा डिंक तयार होतो आणि तो पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्याला घट्टपणा आणण्यासाठी वापरतात. विक्रीसाठी बी गोळा करणाऱ्यांनी शेंगा झाडावर पूर्ण वाळू द्याव्यात, फरशीवर झोडपून बी वेगळे करावे, आणि त्यात कासविंद्याचे चपटे, गोलसर बी मिसळलेले नाही याची निवडून खात्री करून घ्यावी.